सत्रारंभ आणि घरातली दुपार

जून संपत आला की विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या आवारांत पुन्हा वर्दळ सुरू होते. प्रवेशाच्या रांगा लागतात, सूचनाफलकावर नवी वेळापत्रके चिकटतात, विभागातील बंद खोल्या उघडून झाडल्या जातात. अध्यापकांच्या घरीही तयारी चाललेली असते. बदललेला अभ्यासक्रम टेबलावर पडलेला असतो, जुनी टिपणे पुन्हा चाळली जातात, छत्र्या आणि पावसाळी चपला माळ्यावरून खाली येतात. या धांदलीत एक तयारी मात्र पुष्कळ घरांत राहून जाते. मे महिनाभर घरात दिवसा कोणीतरी होते. आता सकाळी दहापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत घरातील वृद्ध आई किंवा वडील एकटे असणार आहेत. त्यांच्या दुपारची तयारी कोणी केली?

अध्यापकाचे घर इतर नोकरदारांच्या घरांहून या बाबतीत वेगळे असते. बँकेत किंवा कारखान्यात काम करणाऱ्याची दिनचर्या वर्षभर जवळपास सारखी राहते आणि घरातील वृद्धांना तिची सवय होऊन जाते. अध्यापकाच्या घरात सुट्टी आणि सत्र असे दोन ऋतू असतात. सुट्टीत मुलगी किंवा मुलगा घरात असतो. दुपारचे जेवण एकत्र होते, औषध हातात आणून दिले जाते, चहाला सोबत असते. सत्र सुरू होते त्या सोमवारी हे सारे एकदम थांबते. वृद्ध शरीराला आणि मनाला बदल सोसतो, परंतु तो सावकाश व्हावा लागतो. म्हणून सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भूक नाही, झोप नाही, चक्कर येते, पोट साफ होत नाही अशा तक्रारी ऐकू येतात. घरचे म्हणतात, वय झाले. वय एका आठवड्यात वाढत नाही. त्या आठवड्यात बदललेले असते ते घराचे वेळापत्रक.

बाहेरून पाहणाऱ्यांना, आणि कधीकधी स्वतः आईवडिलांनाही, असे वाटते की प्राध्यापकाला दिवसाचे दोन-तीन तासच शिकवायचे असते. मग इतकी ओढाताण कशाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास धरला आहे. त्यातील प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी १४ तास. उरलेल्या वेळात तयारी, प्रात्यक्षिके, परीक्षा, प्रवेश आणि समित्यांची कामे येतात. वर्षभरात नैमित्तिक रजा मिळते ती अवघी ८ दिवसांची. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची अवस्था याहून बिकट. त्यांना घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते. आईला ताप आला म्हणून घरी थांबले की त्या दिवसाची कमाई गेली. अशा माणसाने सकाळी घर सोडताना ‘काही झाले तर येईन’ असे म्हणणे ही सदिच्छा असते, व्यवस्था नव्हे. व्यवस्था आधी लावावी लागते, आणि ती लावण्याचा काळ म्हणजे सत्र सुरू होण्यापूर्वीचे दोन आठवडे.

एकट्या दुपारी काय घडते

प्रथम पाण्याविषयी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, हे शरीराचे कारण. दुसरे कारण वृद्ध सहसा बोलून दाखवत नाहीत: घरात कोणी नसताना शौचालयापर्यंत एकट्याने जाण्याची धास्ती वाटते, म्हणून ते पाणीच कमी पितात. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच आढळला, तर त्याचा अर्थ ‘तहान नव्हती’ असा लावू नये. कमी पाण्याने बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, उभे राहताना चक्कर येते, आणि त्या चकरेतून पडणे घडते. उपाय पाण्याच्या आग्रहात नसून शौचालयाच्या वाटेत आहे. वाट मोकळी, कोरडी आणि उजेडाची केली, धरायला दांडा बसवला, की पाणी आपोआप वाढते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर दिवसाला किती पाणी घ्यावे, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरी गोष्ट जेवणाची. एकट्या माणसाला ताट वाढून घेण्याचा कंटाळा येतो. झाकून ठेवलेली पोळी-भाजी तशीच राहते आणि दोन बिस्किटांवर दुपार निघते. मधुमेह असलेल्यांसाठी हे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे सकाळी घेतली आणि जेवण लांबले किंवा टळले, तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, एकाएकी भूक लागणे, धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला, किंवा तपासण्याची सोय नसताना लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवण द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ज्येष्ठांच्या हाताशी, उशाजवळ, साखरेची छोटी डबी सदैव असावी. सत्र सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटून स्पष्ट सांगावे, ‘आता दुपारी घरात कोणी नसेल.’ हे कळल्यावर औषधाची वेळ किंवा प्रकार बदलता येतो का, हे ते पाहू शकतात. घराचे बदललेले वेळापत्रक हीसुद्धा डॉक्टरांना द्यायची माहिती आहे.

तिसरी गोष्ट औषधांची. सात दिवसांचे कप्पे असलेली डबी रविवारी संध्याकाळी भरून ठेवावी. तिचा खरा उपयोग आठवण करून देण्यापेक्षाही पडताळण्यात आहे. गोळी घेतली की नाही हे आठवेनासे झाल्यावर माणूस पुन्हा एक घेतो. कप्पा रिकामा दिसला की तो प्रश्न उरत नाही.

भिंतीवरचे वेळापत्रक

अध्यापकाचे वेळापत्रक त्याच्या डायरीत आणि विभागाच्या फलकावर असते. त्याची एक प्रत आईच्या पलंगासमोर भिंतीवर लावावी. जाड काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, फक्त तीन गोष्टी: वार, घरातून निघण्याची वेळ, परतण्याची वेळ. परतण्याची वेळ नेहमीपेक्षा अर्धा तास उशिराची लिहावी. पाचला येणारी मुलगी साडेपाचला आली, तर तो अर्धा तास वृद्ध मनाला फार मोठा होतो. नाना शंका येतात, दाराशी फेऱ्या सुरू होतात, आणि त्याच फेरीत पाय घसरतो. साडेपाच लिहिले असताना ती पाचला आली, तर नुसता आनंद होतो.

वर्गात शिकवत असताना फोन बंद असतो, याची कल्पनाही घरात द्यायला हवी. ‘तीन वेळा लावला, उचलला नाही’ ही तक्रार सत्रभर चालते, कारण फोन केव्हा उचलला जाईल हे कोणी सांगितलेलेच नसते. दोन तासांच्या मधल्या सुट्टीची एक ठरावीक वेळ फोनसाठी राखावी आणि ती पाळावी. वर्गाच्या वेळेतील संकटासाठी दुसरे दोन क्रमांक असावेत: एक शेजाऱ्यांचा आणि एक विभागाच्या कार्यालयाचा. कार्यालयात आधी सांगून ठेवले असेल, तर शिपाई वर्गाच्या दारापर्यंत येऊन निरोप देतो. घराची एक किल्ली शेजारी ठेवावी. मदत दाराशी पोहोचूनही कडी आतून लावलेली असल्यामुळे वेळ गेला, असे घडू नये.

विभागातील वेळापत्रक पक्के होण्यापूर्वी विभागप्रमुखांशी बोलावे. एकदा ते छापले गेले की बदलणे कठीण असते. आधी सांगितले तर सकाळचे तास सलग लावून दुपार मोकळी करणे, किंवा आठवड्यातील एखादा दिवस हलका ठेवणे पुष्कळदा जमते. घरात वृद्ध रुग्ण आहे हे सांगण्यात अनेकांना संकोच वाटतो. लहान मूल असलेल्यांना तो वाटत नाही. आई असलेल्यांना का वाटावा?

नव्या गावी बिऱ्हाड

ज्यांची नेमणूक दुसऱ्या गावी झाली आहे, त्यांच्यापुढे याहून मोठा प्रश्न असतो. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर १८५७ साली एकटे मुंबई विद्यापीठ होते. पुढे नागपूर १९२३ मध्ये, मराठवाडा १९५८ मध्ये, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये, अमरावती १९८३ मध्ये, जळगाव १९९० मध्ये, सोलापूर २००४ मध्ये आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. गोवा विद्यापीठ १९८५ चे. त्यामुळे वऱ्हाडातला मुलगा कोल्हापुरात आणि कोकणातली मुलगी जळगावात नोकरीला जाते. तरुणाला ही प्रगती असते. सत्तरी ओलांडलेल्या आईला मात्र त्यात हवा बदलते, पाणी बदलते, भाकरीचे पीठ बदलते आणि शेजारणीच्या बोलण्याचा हेलही बदलतो. भाषा मराठीच, पण पहिले काही दिवस भाजीवालीचे बोलणे नीट कळत नाही, आणि एका साध्या गोष्टीसाठी दोनदा विचारावे लागले की ती बोलणेच कमी करते.

आईवडिलांना बरोबर न्यावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. परंतु तो निर्णय त्यांना सांगून, त्यांना विचारून, त्यांच्या ‘नाही’ला जागा ठेवून व्हावा, याविषयी दुमत नसावे. स्थलांतर स्वतः ठरवलेले असले तर वृद्ध माणूस रुळतो. गाठोड्यासारखे उचलून आणले असले तर तो त्या घरात पाहुणाच राहतो. जाण्याचे ठरले, तर काळ नीट निवडावा. सत्राच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड हलवणे सर्वांत वाईट. ज्या दिवसांत मुलाला स्वतःलाच नवी इमारत, नवे सहकारी, नवे विद्यार्थी समजून घ्यायचे असतात, त्याच दिवसांत आईला नव्या स्वयंपाकघरात एकटे सोडले जाते. शक्य तर सत्रापूर्वी तीन आठवडे आधी यावे. ते शक्य नसेल, तर अध्यापकाने एकट्याने जाऊन बस्तान बसवावे आणि दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांना आणावे. चार महिन्यांचा विरह सोसतो. पहिल्याच पंधरवड्यात मोडलेले खुब्याचे हाड वर्षभर पुरते.

घर निवडताना विद्यापीठाच्या आवारातील निवासस्थान सोयीचे वाटते आणि अनेक दृष्टींनी ते असतेही. तथापि जुन्या निवासस्थानांत उंच उंबरे, भारतीय पद्धतीची शौचालये, उद्वाहनाविना वरचे मजले असतात. तळमजला मिळत असेल तर थोडी ओल किंवा अंधार पत्करूनही तो घ्यावा. ओलीवर आणि अंधारावर उपाय करता येतो, जिन्यावर करता येत नाही. शौचालयात कमोड किंवा कमोडची खुर्ची, भिंतीत पक्का बसवलेला दांडा, न्हाणीघरात खरबरीत चटई, आणि आतून लावली तरी बाहेरून उघडता येईल अशी कडी, एवढे काम सामान येण्यापूर्वी करून घ्यावे. खोलीतील सुट्या सतरंज्या आणि पायपुसणी काढावीत. पावसाळ्यात अंगणातील फरशीवर शेवाळ धरते. ते आठवड्यातून एकदा घासून काढावे, आणि तोवर तुळशीची जागा दाराजवळ आणावी.

एक लहानशी गोष्ट फार उपयोगी पडते. जुन्या घरात आई पलंगावरून ज्या बाजूला उतरत असे, त्याच बाजूला नव्या घरातही उतरता यावे, असा पलंग लावावा. रात्री अर्धवट झोपेत पाय सवयीने चालतात; त्यांना जुनेच घर आठवते. वीस वर्षे उजवीकडे असलेले शौचालय आता डावीकडे असेल, तर पलंगापासून तिथपर्यंत मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. उठताना काठावर मिनिटभर बसून मगच उभे राहण्याची सवय लावावी, कारण रक्तदाबाच्या औषधांमुळे एकदम उभे राहताना तोल जातो. जुने भिंतीवरचे घड्याळ, देव्हारा, नेहमीचा पितळी डबा या वस्तू सर्वांत आधी मांडाव्यात. पुस्तकांची खोकी नंतर उघडली तरी चालतात.

कागदपत्रांची एक पिशवी

नव्या गावातील डॉक्टरांपुढे नवा रुग्ण रिकाम्या हाताने जाऊ नये. एका कापडी पिशवीत सध्या चालू असलेल्या औषधांची यादी, मागील रुग्णालयाचे कागद, रक्ततपासण्या, औषधाची वावडी, चष्म्याचा नंबर आणि जुना ईसीजी ठेवावा. ईसीजीचा तो जुना कागद निरुपयोगी वाटतो, पण छातीत दुखू लागले तर नव्या कागदाशी ताडून पाहायला डॉक्टरांना तोच हवा असतो. बदल आजचा की जुना, हे त्यावरून ठरते.

औषधांच्या यादीत केवळ कंपनीने दिलेले नाव न लिहिता गोळीत असलेल्या औषधाचे मूळ नाव लिहावे. ते पाकिटावर छापलेले असते. एकच औषध निरनिराळ्या नावांनी विकले जाते. जुन्या गावची गोळी संपण्यापूर्वी नव्या दुकानातून दुसऱ्या नावाची तीच गोळी आली, तर वृद्ध माणूस दोन्ही घेऊ लागतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची अशी दुप्पट मात्रा प्राणावर बेतू शकते. नवी गोळी घरात आली की जुनी पाकिटे त्याच दिवशी वेगळी काढावीत. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरकरणी काही दिसत नसले तरी रुग्णालयात दाखवावे.

‘नवी जागा आहे, होतं असं’

स्थलांतरानंतर काही दिवस वृद्ध माणूस गोंधळतो. दरवाजे चुकतात, रात्री ‘घरी जायचंय’ म्हणतो, संध्याकाळी अस्वस्थ होतो. ज्यांना विस्मरणाचा विकार आहे त्यांच्यात हे अधिक दिसते. शांत सूर, ठरलेल्या वेळा, संध्याकाळी दिवे लवकर लावणे आणि ओळखीच्या वस्तू यांनी ते हळूहळू उतरते.

परंतु प्रत्येक गोंधळ नव्या जागेच्या माथी मारू नये. काल नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, दिवसात कधी बरी कधी वाईट अशी होऊ लागली, गुंगीत राहू लागली किंवा नसलेली माणसे पाहू लागली, तर ते बहुधा आजाराचे लक्षण असते. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, शरीरातील पाणी घटणे, साखर उतरणे, नव्याने सुरू केलेले औषध, अशी त्याची कारणे असू शकतात. वृद्धांना अशा वेळी ताप येईलच असे नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला बदल हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याचा विषय आहे. वेळेत उपचार झाले तर तो पुष्कळदा पूर्ण बरा होतो. सत्राच्या धावपळीत ‘नवी जागा आहे, होतं असं’ म्हणून घालवलेले चार दिवस महाग पडतात.

शिकवणाऱ्याचा घसा, ऐकणाऱ्याचे कान

आता काळजी घेणाऱ्याविषयी. शिक्षकी पेशात आवाजाचे विकार अधिक आढळतात, आणि सत्राच्या सुरुवातीला, दीड-दोन महिने विसावलेल्या घशावर एकदम भार येतो तेव्हा ते विशेष जाणवतात. भरल्या वर्गात, पंख्याच्या आवाजावर आणि बाहेरच्या पावसावर मात करीत बोलायचे. आणि घरी येऊन ऐकू न येणाऱ्या वडिलांशी पुन्हा वरच्या पट्टीत बोलायचे. घशाला संध्याकाळीही सुट्टी मिळत नाही. वर्गात ध्वनिवर्धक असेल तर तो वापरण्यात कमीपणा मानू नये. तासागणिक घोटघोट पाणी घ्यावे, सतत घसा खाकरणे टाळावे. आवाज बसल्यावर कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळेल असे समजू नये. त्यापेक्षा गप्प राहणे बरे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

घरातला आवाज खाली आणण्याचा मार्ग वडिलांच्या कानांकडून जातो. वार्धक्यात प्रथम उच्च स्वराचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. म्हणून शब्द ‘ऐकू येतात पण कळत नाहीत’. ओरडल्याने आवाज अधिकच फाटतो आणि रागावल्यासारखा वाटतो. दूरदर्शन बंद करून, समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, किंचित खालच्या स्वरात आणि सावकाश बोलले तर बरेचसे कळते. कानातील मळ काढून आणि श्रवणचाचणी करून घेणे हेही सत्रपूर्व तयारीतच धरावे. वडिलांना श्रवणयंत्र मिळाले तर त्याचा निम्मा लाभ मुलाच्या घशाला होतो.

घरात त्यांचे काम

सोयी कितीही केल्या तरी एक गोष्ट राहते. सुट्टीत आई भाजी निवडत असते, मुलगी टिपणे काढत असते, आणि त्या दुपारीला एक अर्थ असतो. सत्रात मुलीच्या दिवसाला अर्थ राहतो. आईच्या दिवसाचे काय? सुरक्षित ठेवलेली, पण कशासाठीही न लागणारी व्यक्ती लवकर खचते. म्हणून घरातील एखादे काम खरोखर त्यांच्यावर सोपवावे, आणि ते झाले नाही तर अडेल असे असावे. दुधाचा हिशेब, संध्याकाळची शेंगाची भाजी सोलून ठेवणे, कुंड्यांना पाणी, दारी येणाऱ्या टपालाची नोंद. वडील स्वतः शिक्षक असतील तर आठवड्यातून एकदा त्यांना उद्याचा तास थोडक्यात सांगून पाहावा. विषय त्यांचा नसला तरी कुठे समजत नाही हे ते बरोबर सांगतात, आणि नव्या अध्यापकाला तेच हवे असते. आवारातील ज्येष्ठांचा कट्टा, जवळचे वाचनालय, भजनी मंडळ यांची चौकशी पहिल्याच रविवारी करावी आणि पहिल्या दोन वेळा स्वतः सोबत जावे.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस घरात एकदा सर्वांनी बसावे. दुपारी किती दिवस जेवण टळले, तांब्यातले पाणी किती उरते, कितीदा तोल गेला, वजन घटले का, आणि आईला इथे कसे वाटते, हे तिच्याकडूनच ऐकावे. उत्तर ‘बरं आहे’ असे येईल. थोडे थांबले तर पुढचे वाक्यही येईल. एकटेपणा, छळ किंवा सरकारी योजनांची माहिती अशा बाबतींत ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. तो क्रमांकही भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवावा.

पुढची एक तारीखही आताच नोंदवावी. बहुतेक निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, आणि २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल पद्धतीमुळे जुन्या गावच्या बँकेपर्यंत जावे लागत नाही. नेमक्या त्याच सुमारास सत्रान्त परीक्षा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अध्यापकाच्या टेबलावर येतात. दोन्ही कामे एकाच कॅलेंडरवर लिहिली, तर आईला आपल्या कामासाठी मुलाची सवड विचारत बसावे लागणार नाही.